कायमपणाचा हुकूम पडद्यावर जळाला, त्याची बखर

श्री. वीज स्थिर असो, पंखा फिरत असो, दप्तरास वाळवी न लागो. इतके मागून लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, आश्विन मास, शुद्ध पक्ष. ते समयी विहिरींची खोली मोजण्याचे जे राज्य, त्या राज्याचे एका ठाण्यात जे वर्तमान जाहले, ते लिहून ठेवण्याची कोणाची आज्ञा नाही, विनंती नाही, किंबहुना न लिहावे ऐसीच थोरांची मर्जी. तथापि जे घडले ते घडले नाही ऐसे कागदोपत्री ठरले, आणि जे घडले नाही ते पाच सह्यांनिशी घडले, तेव्हा कोठे तरी एक कागद खरा असावा म्हणून हा लिहिला. लिहिणाराचे नाव पुसू नये. पुसल्यास तो त्या दिवशी रजेवर होता.

तर त्या ठाण्याचे सुभेदार हेरंबराव मुजुमले. मोठे भारदस्त, हिरव्या शाईने सही करीत, आणि सहीपूर्वी प्रत्येक कागद तीन वेळा वाचीत, आणि तिसऱ्या वाचनानंतर तो दप्तरदारांकडे सरकवून "यात काही नाही ना?" ऐसे विचारीत. दप्तरदार मनोरमाबाई ढवळे. यांची एकतीस वर्षे चाकरी, सर्व कपाटे तोंडपाठ, आणि यांचा सिद्धांत ऐसा की जे आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांचे वहीत, चढले ते जगात आहे, जे चढले नाही ते असले तरी नाही. शिपाई भिकोबा, निवृत्तीस दोन वर्षे उरलेला, त्याचे कमरेस सात किल्ल्या, त्यातील चार किल्ल्यांची कुलपे पूर्वीच हरवलेली. आणि चौथे रंगोजी वाखारे, ज्यांचे हे वर्तमान. रंगोजी राज्यातील एकंदर दोन हजार एकशे चौदा विहिरींची खोली यंत्रात भरीत, आणि साऱ्या ठाण्याचा टंकलेखनाचा भार एकटे वाहत, परंतु ते कंत्राटी. म्हणजे अकरा महिने चाकरी, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाचे दिवशी राज्य त्यांस ओळखत नसे. ऐसे दहा खंड जाहले होते. पहिल्या खंडास रंगोजी डबा विसरला म्हणून परत आले तेव्हा भिकोबाने दारात अडवून "कोणाकडे काम आहे आपले?" ऐसे विचारिले, आणि दोघे पोट धरून हसले. पुढे पुढे विचारणे राहिले आणि हसणे गेले.

शेजारचे राज्यात, म्हणजे सरकारी दवाखान्यात, कुमुद सोनटक्के नामे कन्या औषधे वाटण्याचे कामी होती, तीही कंत्राटी. तिजशी रंगोजींचे लग्न ठरल्यास चार वर्षे जाहली होती, परंतु तिचे तीर्थरूपांचे म्हणणे ऐसे की दोघांपैकी एक तरी कायम व्हावा, मग साखर वाटू, नाहीतर खंडाचे दिवशी संसाराचे काय करणार. त्यावर कुमुद म्हणाली, "बाबा, त्या दिवशी आम्ही एकमेकांना ओळखणार नाही." तीर्थरूपांस विनोद कळला नाही. अकरावे वर्षी श्रावणात राजधानीहून खलिता आला की रंगोजी वाखारे यांस कायम करण्यास मंजुरी आहे, सुभेदारांनी आपले सहीने हुकूम काढावा. रंगोजींनी तो खलिता स्वहस्ते आवक बारनिशीत चढविला, आणि चढविताना आकडा दोनदा खोडला.

त्याच खलित्यांचे गठ्ठ्यात आणखी एक खलिता होता. राजधानीच्या ध्यानी ऐसे आले की ठाण्याठाण्यांतील यंत्रे जी प्रणाली चालवितात, तिची सनद कोणापाशी नाही, कोणा भाच्याने कोणास तबकडी दिली आणि तीच सर्वत्र फिरली. म्हणून यापुढे लिनक्स नामे मुक्त प्रणाली बसवावी, जीस धनी नाही, जी सर्वांची आहे, आणि जीस पैका पडत नाही. सोबत एक तबकडी. मनोरमाबाईंनी तबकडीवर आवकचा शिक्का मारिला आणि तो चकाकते अंग सोडून दुसरे अंगावर उमटला म्हणून निभावले. मग हे काम कोणी करावे, याचा विचार जाहला. सुभेदारसाहेब म्हणाले, "वाखारे करतील. कंत्राटी आहेत, काही बिघडले तर आपल्याकडे येत नाही." आणि रंगोजींनी केले. त्यांस त्यातले काही येत नव्हते. त्यांनी महाजालावरील जाणत्यांचे मंचावर प्रश्न घातला की पडद्याचा रंग उडाला आहे, काय करू. उत्तर आले, "आधी वाचा." रंगोजींनी विचारिले, "काय वाचू?" उत्तर आले, "तेही शोधून वाचा." मग त्यांनी शोधिले, आणि वाचिले, आणि तीन वेळा सर्व पुसून पुन्हा बसविले, आणि चौथे खेपेस प्रणाली उभी राहिली, मराठी अक्षरे सरळ दिसू लागली, आणि विहिरी जेथल्या तेथे खोल राहिल्या.

आणि मग एके दुपारी, साहेब जेवणोत्तर डोळे मिटून राज्याचा विचार करीत असता, रंगोजींस त्या प्रणालीत थाटमाटाचे एक गुप्त दालन सापडले. तेथे शेकडो चौकोन, ज्यावर खूण करावी तो चमत्कार पडद्यावर सुरू व्हावा. पहिली खूण केली, तो पडद्यावरील खिडकी धरून ओढताच ती ताटातल्या खरवसासारखी डुलू लागली. दुसरी केली, तो अवघा पडदा एका घनाची भिंत जाहला आणि हाताचे झटक्यासरशी घन फिरून दुसरी भिंत समोर आली, ऐशा चार भिंती. रंगोजींनी पहिल्या भिंतीवर विहिरी ठेविल्या, दुसरीवर जावक पत्रे, तिसरीवर साहेबांचे खासगी, आणि चौथी रिकामी ठेविली, कायम जाहल्यावर तेथे काय ठेवावे ते सुचेना. आणि तिसरी खूण केली, ती अग्नीची. ती करिता, कोणतीही खिडकी बंद केली की ती खालून वर धडधडा पेटून नाहीशी होई, ज्वाळांचा रंगही आपण निवडावा. रंगोजींनी शेंदरी निवडला. विहिरींची खिडकी जाळिली, मग घाबरून पुन्हा उघडिली, तो एकही विहीर जळाली नव्हती. पुन्हा जाळिली, पुन्हा शाबूत. अकरा वर्षांत या राज्यात त्यांचे शब्दावर पंखाही एक आकडा कमी जाहला नव्हता, आणि येथे बोटासरशी अग्नी पेटत होता आणि कोणाचे काही जात नव्हते. रंगोजी चार वाजेपर्यंत जाळीत बसले. भिकोबा चहा घेऊन आला, मागे उभा राहिला, म्हणाला, "रंगोबा, हे काम आहे का?"

"नाही काका."

"मग चांगलं आहे," ऐसे बोलून भिकोबाने स्टूल ओढिले.

आता खंडेनवमी आली. ठाण्याची खंडेनवमी पंचांगातील नसे, ती सुट्टीचे आदले दिवशी असे, त्यास शास्त्राधार मनोरमाबाई. रिवाज ऐसा की त्या दिवशी शिक्के, बारनिशी, मोजणीची टेप, स्टेपलर, सीपीयू आणि माऊस यांस धुवून पुसून हळदकुंकू लावावे, झेंडू घालावा, आणि एकदा पूजा लागली की दसरा उलटेपर्यंत त्या वस्तूस चाकरांनी हात लावू नये. त्याच दिवशी मुहूर्तावर सही करितो, ऐसे साहेब बोलिले होते. रंगोजींनी स्वतःचा हुकूम स्वतःच टंकिला, ठाण्यात दुसऱ्या कोणास टंकता येत नव्हते, आणि स्वतःच्या नावापुढे 'श्री.' लिहावे की नाही यावर पाऊण तास घालविला, शेवटी लिहिले. हुकूम चौथ्या भिंतीवर उघडून ठेविला, त्यामागे पडद्यावर गणपतीची तसबीर, साहेबांनी वाचावा, मग छापावा, मग सही. इतक्यात भिकोबा हळदकुंकवाचे ताट घेऊन हजर. रंगोजी म्हणाले, "काका, थांबा जरा. मला ते आगीचं बंद करू द्या, साहेब बसणार आहेत." तोवर माऊसला कुंकू लागले होते.

"आता नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "पूजा लागली."

"बाई, एकच खूण काढायची आहे."

"वाखारे, एकतीस वर्षांत पूजेच्या शिक्क्याला मी हात लावू दिला नाही. आणि हुकूम उघडा आहे तो राहू द्या, त्यालाही हळदकुंकू लागेल. चांगलंच आहे."

रंगोजींस ते पटले. हेच पटणे त्यांचे मुळावर आले. साहेब रेशमी सदरा घालून आले, सर्व हात जोडून उभे राहिले, आरती सुरू जाहली, भिकोबाने ताटात कापूर पेटविला आणि यंत्रासमोर ओवाळू लागला. साहेबांनी पाहिले तो गणपतीचे सोंडेपासून खाली सर्व हुकुमाने झाकलेले. देवाचे मुखावर कागद, हे त्यांस रुचले नाही. साहेब चाकर नव्हेत, तेव्हा त्यांस माऊस वर्ज्य नव्हता. त्यांनी टाळी सोडून उजवा हात पुढे केला, हुकुमाचे कोपऱ्यातील फुलीवर नेम धरिला, आणि दाबले. आणि रंगोजी वाखारे यांचे कायमपण, नाव, हुद्दा, वेतनश्रेणी, 'श्री.' सुद्धा, शेंदरी ज्वाळांनी खालून वर पेटत गेले, आणि ज्वाळा विझल्या तो मागे गणपती प्रसन्न उभा.

आरती थांबली. मग भिकोबा ताट टाकून धावला, आणि भिंतीस टांगलेली तांबडी बादली, जी अग्नीसाठी वाळू भरून ठेविली होती आणि जीत गेली वीस वर्षे सर्व ठाणे पान थुंकत होते, ती उचलून यंत्राचे दिशेने रिकामी केली. नेम चुकून वाळू पेढ्यांवर पडली. साहेब बोट तोंडात घालून उभे होते. म्हणाले, "भाजलं. मला भाजलं. कापराची आग आत शिरली." बोट पाहिले तो साफ होते, तरी त्यास मलम लाविले आणि पट्टी बांधिली.

रंगोजी हात जोडून बोलिले, "साहेब, ती आग नाही. तो प्रणालीचा थाट आहे. नुसतं तसं दिसतं."

"मग हुकूम कुठे आहे?" मनोरमाबाईंनी विचारिले.

"आत आहे, बाई. शाबूत आहे."

"दाखवा."

"दाखवतो. माऊस धरू द्या."

"पूजा लागली आहे."

"मग कसा दाखवू?"

"ते आम्ही कसं सांगायचं? तुमचा हुकूम आहे." आणि बाईंनी जाहीर केले की सरकारी कागद सरकारी आवारात जळाला तर त्याच दिवशी पंचनामा लागतो, परिपत्रक आहे. लेखण्या सर्व पुजलेल्या. तेव्हा भिकोबाचे खिशातील पेन, जे गळत होते म्हणून पूजेतून वगळले होते, ते घेतले, आणि पंचनामा लिहिला की आरतीचे कापराने यंत्रात अग्नी शिरून कायमपणाचा मूळ हुकूम एक, संपूर्ण जळून नष्ट जाहला, साहेबांचे बोटास इजा, पेढे अर्धा किलो निकामी. पाच पंचांनी सह्या केल्या, चौथी त्या दिवशी रजेवर असलेल्या इसमाची. पाचवे पंच रंगोजी. ते म्हणाले, "मी कशी करू, हे खरं नाही." साहेब म्हणाले, "वाखारे, तुम्ही समक्ष होतात की नव्हतात?" होते. "ज्वाळा पाहिल्यात की नाही?" पाहिल्या होत्या. मग सही केली.

दसरा उलटला. रंगोजी सर्वांचे आधी कचेरीत आले, माऊसवरचे कुंकू पुसले, आणि हुकूम उघडला. तसाच होता. स्वल्पविराम सुद्धा जागचे जागी. त्यांनी बाईंस बोलाविले, साहेबांस बोलाविले. साहेबांनी हुकूम तीन वेळा वाचिला आणि बाईंकडे पाहून म्हणाले, "यात काही नाही ना?"

"यात घोटाळा आहे, साहेब," मनोरमाबाई म्हणाल्या. "मूळ हुकूम जळाला, पाच सह्या आहेत. मग हा कोणता? हा नंतर कोणी तरी केला. आणि टंकता एकट्या वाखाऱ्यांना येतं." बाईंचा स्वर कठोर नव्हता, उलट हळूच म्हणाल्या, "पोरा, कशाला वाढवतोस. बनावट म्हणून लिहायला लावू नकोस मला." साहेबांनी विषय तेथेच मिटविला आणि पंचनाम्याची स्वच्छ प्रत टंकून राजधानीस पाठवावी ऐसी आज्ञा केली. ती कोणी टंकावी, यात संशय नव्हता. रंगोजींनी टंकिली. एकही चूक नाही. आणि मग त्यांस अकरा वर्षांतील पहिली युक्ती सुचली. साहेब आणि बाई दोघांस समोर उभे करून, छापण्यापूर्वी, त्यांनी पंचनाम्याची खिडकी बंद केली. पंचनामा खालून वर पेटला, बोटाची इजा जळाली, पेढे जळाले, पाचही पंच जळाले, आणि गणपती प्रसन्न दिसू लागला.

"साहेब," रंगोजी म्हणाले, "पंचनामाही जळाला."

साहेबांनी चष्मा पुसला. "नाही हो, वाखारे. ते नुसतं तसं दिसतं. तुम्हीच तर सांगितलंत." आणि ममतेने खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उघडा आणि छापा. चार प्रती."

रंगोजींनी उघडला आणि चार प्रती छापिल्या.

राजधानीचे उत्तर मार्गशीर्षात आले. हुकूम जळाल्याबद्दल वाखारे यांची चौकशी व्हावी, आणि चौकशी निकाली निघेपर्यंत दुसरा हुकूम काढू नये. त्यावर बाईंनी नियम पाहून लिहिले की चौकशी कायम चाकराचीच होते, कंत्राटी इसमाची करिता येत नाही, तरी प्रथम वाखारे यांस कायम करावे म्हणजे चौकशी करिता येईल. राजधानीने लिहिले, चौकशी चालू असता कायम करिता येत नाही. बाईंनी लिहिले, चौकशी चालू नाही. राजधानीने लिहिले, मग ती त्वरित चालू करावी. दोन्ही बाजूंची अक्षरे वळणदार, भाषा शुद्ध, कोठे अपशब्द नाही, आणि बाईंकडील प्रत्येक पत्र रंगोजींनीच टंकिले, 'उपरोक्त इसम' जेथे येई तेथे बोट किंचित थांबत असे.

त्याच सुमारास कुमुदचा फोन आला. "झालात का?"

"हुकूम निघाला होता. जळाला."

"कशाने?"

"आगीने. पण आग नव्हती."

पलीकडे औषधांच्या बाटल्या वाजल्या, आणि ती म्हणाली, "हे मी बाबांना कसं सांगू?"

"चौकशी चालू आहे म्हणून सांग."

"चालू आहे का?"

"नाही," रंगोजी म्हणाले. त्यांस खोटे बोलता आले असते, परंतु टंकून टंकून त्यांस नियम पाठ जाहला होता.

पुढील चैत्रात कुमुदच कायम जाहली. दोघांपैकी एक कायम, अट पुरी जाहली, ऐसे रंगोजींस वाटले, त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेविला. परंतु कायम मुलीस कायमच स्थळ पाहावे हे तीर्थरूपांस आता नव्याने सुचले, आणि वैशाखात लग्नपत्रिका आली ती कचेरीचे पत्त्यावर आली. मनोरमाबाईंनी पाकीट फोडले, वाचले, रंगोजींकडे पाहिले नाही, आणि बारनिशीत चढवून तिजवर शिक्का मारिला. आवक क्रमांक चारशे सात. तेव्हापासून ते लग्न जगात आहे.

आणि शेवटचे वर्तमान ऐसे. पुढील खंडेनवमीस जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणून तजवीज चालली असता सुभेदार म्हणाले, "वाखारे, ते आगीचं लावा हो आरतीला. पाहुण्यांना दाखवू, दुसऱ्या कोणत्या ठाण्यात नाही." बाईंनी हरकत घेतली की जळण्यास खिडकी लागेल, आणि चालू कागद जाळून कसे चालेल, उद्या कोणी विचारील. सर्वांनी विचार केला. भिकोबा तेवढा भिंतीकडे पाहत राहिला. मग बाईच म्हणाल्या, "तो वाखाऱ्यांचा हुकूम आहे ना आत. तो नाहीतरी जळालेलाच आहे." हे सर्वांस पटले. रंगोजींनी आदले दिवशीच हुकूम उघडून चौथ्या भिंतीवर ठेविला, आरतीस साहेबांनी गेल्या सालचे पट्टीचे बोट पुढे करून फुली दाबिली, ज्वाळा उठल्या, मोठे साहेबांनी टाळ्या वाजविल्या आणि विचारिले, "हे बसवलं कोणी?" सुभेदार म्हणाले, "आमचा एक कंत्राटी आहे." त्या दिवशी रंगोजींचा खंड होता. ते दारात चपलांपाशी उभे होते, आणि भिकोबाने त्यांस प्रसाद दिला, कोणाकडे काम आहे ते विचारिले नाही.

एकूण तात्पर्य इतकेच की हुकूम आजवर नऊ खंडेनवम्यांस नऊ वेळा जाळिला, दरवर्षी उघडून पाहिला, अक्षर शाबूत, नाव शुद्ध, 'श्री.' जागचे जागी, सहीपुरती जागा कोरी. भिकोबाने निवृत्त होताना ते गळके पेन रंगोजींस दिले. विहिरी दरसाल हातभर खोल जातात, त्या भरणे चालू आहे. इति.